‘पोटेमकिन’ : पाहण्याचा रूपबंध

सर्गेई आयझेन्स्टाइन यांचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ हा मूकपट २१ डिसेंबर १९२५ रोजी मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहात प्रथम दाखविण्यात आला. १९०५च्या रशियन क्रांतीला वीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त सोव्हिएत शासनाने ही कृती मुद्दाम करवून घेतली होती. ती प्रासंगिक होती आणि उघडपणे प्रचारासाठी होती. ज्या राज्यासाठी ती निर्माण झाली ते राज्य १९९१ मध्ये लयाला गेले, तरी चित्रपटाचे आवाहन ओसरलेले नाही. हेतू मावळल्यानंतर प्रचारकृतीत काय शिल्लक राहते, हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या अभ्यासकाचा नाही. शाहिरी वाङ्मय आणि कामगार-कविता शिकविताना आपल्यालाही तो टाळता येत नाही.

या प्रश्नाला दिले जाणारे नेहमीचे उत्तर माँताजचे आहे. दोन चित्रखंड एकमेकांवर आदळले की दोहोंतही नसलेला तिसरा अर्थ जन्माला येतो, हे आयझेन्स्टाइन यांचे प्रतिपादन सर्वपरिचित आहे. मराठी अभ्यासकाला अशा वेळी मर्ढेकरांचे लयविवेचन, विशेषतः त्यांनी सांगितलेली विरोधलय, आठवल्याशिवाय राहणार नाही. हे साम्य उपयुक्त असले तरी अपुरे आहे. तंत्र कोणालाही उचलता येते. जाहिरातींनी ते केव्हाच उचलले आहे. १९३३ मध्ये खुद्द गोबेल्सने या चित्रपटाची जाहीर प्रशंसा केली आणि जर्मन चित्रपटांपुढे त्याचा नमुना ठेवला. त्यावर आयझेन्स्टाइन यांनी १९३४ मध्ये त्याला संतप्त अनावृत पत्र लिहिले. गोबेल्सला ‘पोटेमकिन’ची परिणामकारकता हवी होती. ती नेमकी कशाच्या आधारावर उभी आहे, हे मात्र तंत्राच्या चर्चेतून हाती येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तिचा आधार ‘पाहणे’ या क्रियेच्या मांडणीत आहे. कोण पाहतो, कोण पाहूनही नाकारतो आणि कोणाला पाहू दिले जात नाही, या तीन प्रश्नांभोवती चित्रपटाचे पाचही अंक गुंफलेले आहेत.

पहिल्या अंकातील मांसाचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. मांसात किडे पडल्याची तक्रार खलाशी करतात. जहाजावरचा डॉक्टर स्मिर्नोव्ह नाकावर चिमट्यासारखा बसणारा आपला बिनकाड्यांचा चष्मा काढतो, त्याची घडी घालून त्याचे भिंग करतो आणि त्यातून पाहतो. पडदाभर वळवळणारे किडे आपल्यालाही दिसतात. तरीही मांस चांगले आहे, मिठाच्या पाण्याने धुतले की झाले, असा निर्वाळा तो देतो. येथे डॉक्टरचे अज्ञान नाही. स्पष्ट दिसलेले नाकारण्याचा अधिकार त्याच्यापाशी आहे. बंडात त्याला समुद्रात फेकले जाते तेव्हा तोच चष्मा दोरखंडाला लोंबकळत राहिलेला दिसतो. अंशाने पूर्णाचा बोध करून देण्याचे उदाहरण म्हणून स्वतः आयझेन्स्टाइन यांनी या चष्म्याचा उल्लेख केला आहे. आपल्या परिभाषेत ही लक्षणा झाली. परंतु चष्म्याने डॉक्टर सूचित होतो एवढ्यावर थांबलो तर व्यंजना निसटते. माणूस गेला आणि त्याचे खोटे पाहणे तेवढे अधांतरी लटकत राहिले, असा तो अर्थ आहे.

दुसऱ्या अंकात गोळ्या घालण्यापूर्वी खलाशांवर ताडपत्री टाकली जाते. नौदलात अशी रीत नव्हती; डेकवर रक्त सांडू नये म्हणून ताडपत्री पायांखाली अंथरीत. ती अंगावर टाकण्याची कल्पना आपली असल्याचे आयझेन्स्टाइन यांनीच सांगितले आहे. वस्तुस्थितीशी केलेली ही फारकत अर्थपूर्ण आहे. मरणाऱ्याला मारणारा दिसत नाही आणि मारणाऱ्याला मरणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. वाकुलिनचुक ‘बंधूंनो’ अशी हाक देऊन तुम्ही कोणावर गोळ्या झाडता आहात, असे विचारतो तेव्हा बंदुका खाली येतात. मूकपटातील ही हाक अर्थातच पाटीवरचे अक्षर आहे, आणि ताडपत्रीने झाकलेले ते उघडे करते.

ओडेसाच्या जिन्याचा चौथा अंक जगभर नावाजला गेला आहे. त्यातील बाबागाडीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे; अंकाच्या अखेरीस उठणारे दगडी सिंह (मूळचे ओडेसाचे नव्हेत, क्रिमियातील आलुप्का येथील राजवाड्याचे) मला आता काहीसे अतिपरिचित वाटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्या जिन्यावरचा जमाव प्रेक्षकांचा आहे. ही माणसे जहाज पाहायला आली आहेत, हात हलवीत आहेत. त्यांच्यातील एका मध्यमवयीन बाईच्या नाकावर डॉक्टरच्या चष्म्यासारखाच चष्मा आहे. वरून सैनिक उतरू लागतात तेव्हा त्यांचे बूट, पाठी, संगिनी आणि सावल्या दिसतात. चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. सैनिकांना समजावून सांगू, असे तीच बाई सुचविते. वाकुलिनचुकने केले तेच ती करू पाहते, पण येथे बंदुका खाली येत नाहीत. शेवटी कोसॅकची तलवार उगारलेली दिसते आणि लगेच त्या बाईचा चेहरा येतो : भिंग फुटलेले, डोळ्यातून रक्त. वार लागतानाचे चित्र चित्रपटात नाही. तरीही तो पाहिल्याचे विद्यार्थी खात्रीने सांगतात, कारण दोन चित्रांमधला तो क्षण त्यांनीच पुरा केलेला असतो. जो चष्मा असून खोटे पाहत होता त्याचा चष्मा शाबूत राहिला आणि जिने खरे पाहिले तिचा फुटला, हा विरोध चित्रपटाच्या मर्मस्थानी आहे.

दिवसाढवळ्या, शिस्तबद्ध रांगांनी जिन्यावर झालेले असे हत्याकांड इतिहासात घडलेले नाही. जून १९०५ मध्ये ओडेसाच्या बंदर परिसरात रात्री आगी लागल्या, गोळीबार झाला आणि माणसे मेली, ही वस्तुस्थिती आहे. जिना ही दिग्दर्शकाची योजना आहे. आज तो जिना ‘पोटेमकिन’च्याच नावाने ओळखला जातो, म्हणजे कल्पिताने स्थळाचे नाव बदलले. ऐतिहासिक कादंबरीच्या संदर्भात आपण जो वाद वर्षानुवर्षे घालतो त्याच्यासाठी याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. विखुरलेली हिंसा एका ठिकाणी आणून दाखविणे हे असत्य नव्हे, असे माझे मत आहे. चित्रपटाच्या शेवटाबद्दल मात्र तेवढ्या निःशंकपणे बोलता येत नाही.

पाठचिकित्सेच्या दृष्टीनेही ही कृती सरळ नाही. आरंभीचे ट्रॉट्स्कीचे अवतरण पुढे काढून तेथे लेनिनचे घालण्यात आले; २००५ मध्ये बर्लिन येथे सादर झालेल्या पुनर्रचित प्रतीत मूळ अवतरण परत आले. जर्मनीत १९२६ मध्ये कात्री लागली, ब्रिटनमध्ये १९५४ पर्यंत बंदी होती. जे पाहू न देण्याविषयी चित्रपट बोलतो ते त्याच्याही वाट्याला आले, आणि त्यात त्याचे स्वतःचे शासनही मागे नव्हते.

पाचव्या अंकात आरमार समोर येते, तोफा रोखल्या जातात, पुन्हा ‘बंधूंनो’ हे अक्षर पडद्यावर उमटते आणि ‘पोटेमकिन’ला वाट मिळते. असे खरोखर घडले होते. परंतु त्यानंतर जहाज रुमानियातील कॉन्स्टान्झा बंदरात गेले आणि जुलै १९०५ मध्ये खलाशांनी ते तेथील अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. बंडाचा एक प्रमुख मात्युशेंको रशियात परतल्यावर १९०७ मध्ये फासावर गेला. यातले काहीच पडद्यावर येत नाही. शोकात्मिकेचा पाच अंकी घाट स्वीकारणाऱ्या कलावंताने शोकान्तच वगळावा, हे शासनाच्या निमित्तकार्याला साजेसे होते. डॉक्टर दिसलेले नाकारतो. चित्रपट स्वतःला दिसलेले सांगत नाही. या दोहोंत फरक आहे हे मान्य केले, तरी तो किती मोठा आहे हे प्रत्येक अभ्यासकाने स्वतःशी ठरवायला हवे. जहाजाचा नाळेकडचा भाग वाढत वाढत आपल्या अंगावर येतो आणि सगळा पडदा व्यापतो, येथे चित्रपट संपतो. त्या क्षणी समोर समुद्र उरलेला नसतो, आरमारही नसते. जहाजाच्या वाटेत फक्त पाहणारा असतो.