शोधनिबंधाचे मोल : बिरवाडीच्या दवाखान्यापासून जगाच्या ग्रंथालयापर्यंत

पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनी जलाशयाच्या काठी वसलेले पळसदेव हे इंदापूर तालुक्यातील गाव आहे. जुने गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि लोक नव्या जागी येऊन स्थिरावले. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी पुष्कळ खाली गेली की पळसनाथाचे प्राचीन मंदिर पाण्याबाहेर दिसू लागते. मंदिर तेथे वर्षभर असतेच. मात्र पाणी उतरल्याखेरीज ते डोळ्यांस दिसत नाही.

विद्येच्या क्षेत्रातही असे घडते. एखाद्या डॉक्टराने महत्त्वाचा शोध लावला, तो लिहून प्रसिद्धही केला, पण त्याची दखल कोणी घेतली नाही, तर तो शोध असून नसल्यासारखा राहतो. दखल घेतली गेली म्हणजे त्या शोधाचा उपयोग शेकडो मैलांवरच्या रुग्णासही होतो. ही दखल मोजण्याची एक पद्धत गेल्या सहा-सात दशकांत जगभर रूढ झाली आहे. ती पद्धत काय आहे, तिच्याने काय कळते व काय कळत नाही, आणि पळसदेवसारख्या गावच्या शिक्षकाने, ग्रामपंचायत सदस्याने अथवा आरोग्य कर्मचाऱ्याने तिच्यापासून काय घ्यावे, याचा विचार हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांवर महाराष्ट्रात झालेल्या दोन संशोधनांच्या आधारे येथे केला आहे.

संदर्भोल्लेख म्हणजे काय?

शास्त्रीय निबंध लिहिणारा संशोधक आपल्या आधी त्या विषयावर कोणी काय लिहिले याची नोंद निबंधाच्या शेवटी देतो. या नोंदीस संदर्भोल्लेख म्हणतात. विद्यापीठांत 'सायटेशन' हा इंग्रजी शब्द अधिक प्रचलित आहे. एखाद्या निबंधाचा उल्लेख पुढील किती निबंधांत झाला, हे मोजले की त्या निबंधाची दखल किती घेतली गेली याचा अंदाज बांधता येतो.

हे मोजमाप व्यवस्थित व्हावे, यासाठी अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली अशा सूचीची कल्पना मांडली. पुढे फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने १९६४ साली विज्ञानविषयक संदर्भसूची प्रसिद्ध केली. त्यातूनच नियतकालिकांचा 'प्रभावांक' काढण्याची रीत आली. एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत १०० निबंध छापले आणि चालू वर्षात त्या निबंधांचे २५० उल्लेख झाले, तर त्याचा प्रभावांक २.५ होतो.

व्यक्तीच्या कामासाठी २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी 'एच निर्देशांक' सुचविला. समजा, एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे ४०, १२, ७, ४ व १ असे आहेत. यांपैकी चार निबंधांना प्रत्येकी किमान चार उल्लेख मिळाले. पाच निबंधांना प्रत्येकी पाच मिळाले नाहीत. म्हणून त्याचा निर्देशांक ४ होतो. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यासही हे गणित करता येईल.

सर्पगंधेचा धडा

रक्तदाबावर सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उपयोग होतो, असा निबंध कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. निरीक्षण महत्त्वाचे होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये तिचा वृत्तांत छापला. हा निबंध जगाने वाचला. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांवर वापरून पाहिले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि उच्च रक्तदाबावरील औषधोपचारास नवी दिशा मिळाली. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देण्यात आले.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. शोध कोठे प्रसिद्ध झाला, यावर त्याची दखल बरीचशी अवलंबून असते, ही पहिली. आणि उल्लेख कमी म्हणून शोध हलका ठरत नाही, ही दुसरी. १९३१ चे निरीक्षण जलाशयातील मंदिराप्रमाणे होते. ते नव्हते असे नाही, ते दिसत नव्हते.

बिरवाडी येथील प्रश्न

दुसरे उदाहरण ग्रामीण वाचकास अधिक जवळचे आहे. जालना जिल्ह्यातील देहेड या गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा दंश ही नित्याची बाब होती. भातशेतीत, गवताच्या भाऱ्यांत, घराच्या भिंतींच्या फटींत हा विंचू राहतो. दंश झालेली धट्टीकट्टी माणसे व लहान मुले काही तासांत दगावत. मृत्यू नेमका कशाने येतो व तो कसा टाळावा, हे त्या वेळी उपलब्ध असलेल्या पाठ्यपुस्तकांवरून पुरेसे उमगत नव्हते.

विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होते, असे मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नोंदविले होते. इस्राएलमध्ये गेरोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली विंचूदंशाने हृदयाच्या स्नायूस होणाऱ्या इजेचे वर्णन केले होते. तेव्हा वाट अगदीच अनोळखी नव्हती. उणीव होती ती खाटेशेजारी बसून, तासातासाला नोंद घेऊन, या आजाराचा क्रम निश्चित करण्याची. डॉ. बावस्कर यांनी हे काम अंगावर घेतले. रुग्ण केव्हा आला, घाम किती, उलटी झाली काय, हातपाय थंड आहेत काय, नाडी व रक्तदाब किती, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या.

या नोंदींतून जो निबंध तयार झाला तो १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. लाल विंचवाच्या दंशात हृदयावर संकट येणार असल्याची पूर्वसूचना कोणत्या लक्षणांवरून मिळते, हा त्याचा विषय होता. उलट्या, अंगातून वाहणारा घाम, तोंडास सुटणारी लाळ, पुरुषांमध्ये जननेंद्रियाचा ताठरपणा आणि थंड पडणारे हातपाय ही ती लक्षणे होत. ती ओळखण्यास कोणतेही महागडे यंत्र लागत नाही, हे या निबंधाचे खरे सामर्थ्य होते.

उपचाराची दिशा

लाल विंचवाच्या विषाचा परिणाम मज्जातंतूंवर होतो आणि शरीरात अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणावर सुटतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयास अरुंद नळ्यांतून रक्त ढकलावे लागते, ते थकते आणि अखेर फुफ्फुसात पाणी साचते. रक्तवाहिन्यांचे हे आकुंचन दूर केले तर हृदयावरील भार हलका होईल, असा विचार पुढे आला. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध नेमके हेच कार्य करते. शिवाय ते गोळीच्या रूपात तोंडाने देता येते. म्हणजेच अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणीही त्याचा उपयोग शक्य होता. या उपचाराविषयीचा डॉ. बावस्कर यांचा निबंध १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

पश्चिम भारतात १९८३ पूर्वी गंभीर विंचूदंशात फुफ्फुसात पाणी होऊन शेकडा २५ ते ३० रुग्ण दगावत असत. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले, असे डॉ. बावस्कर यांनी आपल्या लेखनात नमूद केले आहे.

काम येथेच थांबले नाही. मुंबईच्या हाफकिन संस्थेत लाल विंचवावरील प्रतिविष तयार होऊ लागल्यावर प्राझोसिन एकटे द्यावे की प्रतिविषासह, असा प्रश्न निर्माण झाला. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. रुग्णांचे प्रत्येकी ३५ चे दोन गट करण्यात आले. प्रतिविष व प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या गटातील ३२ रुग्ण दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले; केवळ प्राझोसिन मिळालेल्या गटात ही संख्या ८ होती. हा वृत्तांत २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच आधीच्या उपचाराहून अधिक चांगला मार्ग आहे काय, याची परीक्षा संशोधकाने स्वतः घ्यावी, हे येथे विशेष लक्षणीय आहे. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही?

विंचूदंशावर लिहिणारे संशोधक या निबंधांचा उल्लेख करतात. तथापि, या कामाचे मोल केवळ उल्लेखांच्या संख्येवरून ठरविणे योग्य होणार नाही. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण असे की, निरनिराळ्या विषयांत लिहिणाऱ्यांची संख्या निरनिराळी असते. हृदयविकाराचा झटका हा श्रीमंत देशांचाही आजार असल्याने त्यावर असंख्य संशोधक लिहितात. विंचूदंश हा मुख्यतः उष्ण प्रदेशातील गरिबांचा आजार असल्याने त्यावर लिहिणारे थोडे. लिहिणारे थोडे म्हणून उल्लेखही थोडे. यावरून शेतमजुराच्या प्राणाचे मोल कमी ठरत नाही.

दुसरे कारण असे की, उल्लेख हा नेहमी गौरवच असतो असे नाही. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये अँड्रू वेकफील्ड यांचा गोवर, गालगुंड व रुबेला या रोगांवरील एकत्रित लसीविषयी शंका उपस्थित करणारा निबंध आला. तो सदोष ठरल्याने २०१० साली मागे घेण्यात आला. मात्र तत्पूर्वी व त्यानंतरही त्याचे उल्लेख विपुल झाले. कित्येकांनी ते खंडनासाठीच केले. मोजणारी सूची मंडन व खंडन यांत भेद करीत नाही.

तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आरोग्य केंद्रातील डॉक्टर निबंध वाचून रुग्णाचा प्राण वाचवितो, तेव्हा तो निबंध लिहीत नाही. त्याने केलेला उपयोग कोणत्याही सूचीत चढत नाही. संशोधनाचे मूल्यमापन केवळ प्रभावांकावर करू नये, असे आवाहन करणारा जाहीरनामा २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी व संशोधकांनी तयार केला, तो अशाच अनुभवांतून.

याचा अर्थ आकडे टाकाऊ आहेत, असा मात्र नाही. कोणते काम कोणी पुढे नेले, याचा माग संदर्भोल्लेखांवरून लागतो. १९६१ च्या नोंदीपासून २०११ च्या चाचणीपर्यंतची पन्नास वर्षांची साखळी जोडता येते, ती अशा लेखनामुळेच. आकडा हा दिशादर्शक आहे. तो न्यायाधीश नव्हे.

गावाने काय करावे?

पळसदेव काय किंवा बिरवाडी काय, ऊस, चारा, सरपण आणि दगडमातीच्या भिंती यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या लोकांस विंचवाचे भय असतेच. ग्रामपंचायतीने आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन व प्रतिविष उपलब्ध आहे किंवा कसे, याची पावसाळ्यापूर्वी चौकशी करावी आणि रात्रीच्या वेळी रुग्ण नेण्यासाठी वाहनाची सोय ठरवून ठेवावी. शिक्षकांनी मुलांस सांगावे की दंशानंतर घाम, उलट्या अथवा थंड हातपाय दिसल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता रुग्णास दवाखान्यात न्यावे. वेदना थोडी आहे म्हणून धोका नाही, असे समजू नये. गोळी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती दिल्यावर रुग्णास निजवून ठेवतात.

आरोग्य केंद्रातील अधिकारी व कर्मचारी यांनी नोंदवहीकडे केवळ तपासणीसाठी भरावयाचा कागद म्हणून पाहू नये. दंशाची वेळ, रुग्ण पोहोचल्याची वेळ, वय, लक्षणे, नाडी, रक्तदाब, दिलेला उपचार आणि अखेरचा परिणाम एवढ्या आठ बाबी प्रत्येक वेळी लिहिल्या, तरी काही वर्षांत त्या नोंदींवरून तालुक्याचे चित्र स्पष्ट होईल. 'लॅन्सेट'मध्ये पोहोचलेल्या निबंधाचा आरंभ एका प्राथमिक आरोग्य केंद्रातील अशाच नोंदींपासून झाला होता. ज्या रुग्णाची नोंद झाली नाही, त्याच्या दुखण्यापासून पुढील रुग्णास काहीच लाभ होत नाही. ज्याची झाली, त्याचे दुखणे पुढच्या अनेकांच्या उपयोगी पडते.