इथली दहावी: मुलांचं कॉलेज आणि त्याचा खर्च

गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत नव्याने अमेरिकेत आलेले आई-बाबा दरवर्षी हमखास विचारतात, "आमची नववीत आहे, कॉलेजचं कधीपासून बघायचं?" म्हणून यंदा मंडळातल्या चार घरांकडून लिहून घेतलं. ज्याने जसं दिलं तसं छापलं आहे, मतं ज्याची त्याची. एसएटीच्या क्लासेसवर चौघांपैकी कुणालाच लिहायचं नव्हतं. खेळाच्या शिष्यवृत्तीबद्दलही काही नाही. मंडळात टेनिस खेळणारी मुलं ढीगभर आहेत, पण रॅकेटच्या जोरावर फी माफ झालेलं एकही घर सापडलं नाही.

हिशेब (निवृत्त अकाउंटंट, मुलं दोन, दोन्ही शिकून मार्गाला लागली)

मुद्द्याचं तेवढं लिहितो.

आपल्याकडे दहावी मार्कांची असते, इथली दहावी पैशांची. फेडरल मदतीसाठी भरायचा फाफ्सा अर्ज साधारण १ ऑक्टोबरला, मूल बारावीत असताना उघडतो. त्यात उत्पन्न मात्र जुनं बघतात. मुलगी २०२९ च्या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार असेल, तर २०२७ चा टॅक्स रिटर्न. २०२७ च्या जानेवारीत ती दहावीत असते. शेअर विकून घराचं स्वयंपाकघर नवं करायचं असेल, तर ते त्याआधी उरका.

राहतं घर आणि ४०१के फाफ्सात धरत नाहीत. कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट, तळेगावचा प्लॉट, बँकेतल्या एफडी हे सगळं धरतात, भारतात असलं तरी. "तिकडचं इकडे कोण बघतंय" म्हणणारे भेटतील. अर्जाखाली सही त्यांची नसते, तुमची असते. बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्जही मागतात. त्यात प्रश्न जास्त असतात आणि अनेक ठिकाणी राहत्या घराची किंमतही विचारात घेतात.

मुंजीत आणि वाढदिवसाला आलेले पैसे मुलाच्या नावावर ठेवू नका. फाफ्साच्या गणितात मुलाच्या बचतीतले २० टक्के दरवर्षी फीसाठी उपलब्ध आहेत असं समजतात, आई-वडिलांच्या बचतीतले फार तर ५.६४ टक्के. ५२९ हे कॉलेजसाठीच्या बचतीचं खातं आई किंवा बाबांच्या नावाने उघडा, लाभार्थी म्हणून मूल. पैसे उरले आणि खातं १५ वर्षं जुनं असलं, तर त्यातले ३५,००० डॉलरपर्यंत मुलाच्या रॉथ आयआरएमध्ये वळवता येतात, दरवर्षीच्या मर्यादेत. म्हणून खातं लवकर उघडा, भले शंभर डॉलर टाकून.

सगळी फी ५२९ मधून भरू नका. वर्षाला ४,००० डॉलरची फी बाहेरच्या पैशांतून भरलीत, तर २,५०० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट मिळतं, चार वर्षं. एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या आत असेल तर पूर्ण, १,८०,००० ला शून्य. हे न केल्यामुळे हातचं क्रेडिट घालवलेली निदान सहा घरं मला माहीत आहेत. सगळी इंजिनिअरांची.

कॉलेजची जाहीर फी बघून घाबरू नका आणि हुरळू नका. फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. तुमचे आकडे घाला, साधारण किती भरावे लागतील ते कळेल. आयव्ही लीगमध्ये हुशारीसाठी पैसे देत नाहीत, फक्त गरजेपुरते देतात. घरात दोन आयटीचे पगार असले, तर आशा ठेवू नका.

अर्ली डिसिजन म्हणजे साखरपुडा. १ नोव्हेंबरच्या सुमारास एकाच कॉलेजला शब्द द्यायचा, त्यांनी होकार दिला की बाकीची स्थळं बंद. कुठलं कॉलेज किती मदत देतंय याची तुलना करता येत नाही. पैशांची ओढाताण असेल तर या फंदात पडू नये.

मुलाच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढची दोन वर्षं ७,५००. चार वर्षांचे मिळून २७,०००. बाकीचा भार आई-बापांवर.

यातली फेडरल मदत आणि कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एच-४ वरच्या मुलांना नाही.

"मधला माणूस कोण?" (एक आई, एच-४)

वर काकांनी एच-४ दोन वाक्यांत संपवलं. आमच्या घरात ती दोन वाक्यं चौदा वर्षं चालू आहेत.

मुलगी चार वर्षांची असताना आलो. नोकरीसाठी राज्य बदललं तेव्हा ती अकरावीत होती. तिला तिथल्याच सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, पेढे वाटले, आणि बिल आलं ते आउट-ऑफ-स्टेटचं. इन-स्टेटच्या दुपटीहून जास्त. बारा महिने राज्यात राहिल्याचा पुरावा द्या म्हणाले. दिला. मग नावं जुळत नाहीत म्हणाले.

आता आपल्याकडे नाव कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मुलीच्या मध्ये बाबांचं, माझ्याही मध्ये तेच. पासपोर्टवर तिचं आणि बाबांचं नाव मिळून गिव्हन नेम झालेलं. शाळेने मधलं गाळलं. बँकेने फक्त आद्याक्षर ठेवलं. माझ्या लायसन्सवर तर दोन नावं एकत्र जोडून एक नवीनच बाई तयार झाली होती. खिडकीपलीकडच्या बाईने तीन कागद माझ्यासमोर पसरले आणि विचारलं, "हा मधला माणूस कोण?" मी म्हटलं, माझा नवरा. म्हणाली, मग तो मुलीच्या नावात काय करतोय?

हसू नका. तेव्हा मला रडू आलं होतं. तीन वेळा अपील केलं. प्रत्येक वेळी नवा माणूस, नवी यादी. फोनवर एकाने सांगितलेलं दुसऱ्याने नाकारलं. शेवटी ही सगळी नावं एकाच मुलीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून दिलं, तेव्हा दुसऱ्या सेमिस्टरपासून इन-स्टेट लागू झालं. पहिल्या सेमिस्टरचे जादा पैसे गेले ते गेलेच.

तर बायांनो, आल्या आल्या पासपोर्ट, शाळा, बँक, लायसन्स, सगळीकडे एकच नाव एकाच स्पेलिंगने करून घ्या. नव्या राज्यात पाऊल टाकलंत त्या दिवसापासून भाडेकरार, विजेची बिलं, टॅक्सचे कागद एका फाइलीत. तुमच्या राज्यात एच-४ मुलांना इन-स्टेट मिळतं का, ते विद्यापीठाकडून लेखी घ्या, कारण प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असाल तर मुलाचा एकविसावा वाढदिवस वकिलाला आधीच सांगून ठेवा. त्या दिवशी एच-४ संपतं. एफ-१ ची तयारी विसाव्या वर्षीच सुरू करा, त्याला महिने लागतात. केक नंतर कापा.

पैशांपलीकडचं (मराठी शाळेच्या ताई)

फीचं बोलून झालं असेल तर मी बोलते. वर्षानुवर्षं बघतेय, मूल नववीत गेलं की मराठी शाळा बंद. कारण काय, तर रोबोटिक्स. वर आम्हाला ऐकवायचं की मराठीने कुठं कॉलेज मिळतंय! अनेक राज्यांत दोन भाषा येणाऱ्या मुलांना पदवीदानाच्या वेळी सील ऑफ बायलिटरसी देतात. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये कायदा करून सुरुवात केली. शाळेतल्या काउन्सेलरला मराठीबद्दल विचारा तरी. पण मी सीलसाठी सांगत नाही. आजीशी फोनवर दहा मिनिटं बोलता येत नसेल, तर ते शिक्षण मला अपुरं वाटतं. कुणाला राग आला तर येऊ दे.

कॉलेजच्या अर्जातला एसे मुलांना लिहू द्या. फार तर ६५० शब्द असतात. दरवर्षी दोन-चार बाबा आपणच लिहून मला तपासायला पाठवतात. सतरा वर्षांची पोर "उत्तरदायित्व" छापाचं इंग्रजी लिहीत नाही. मुलीने आजीच्या पुरणपोळीवर लिहिलं तर लिहू दे, मात्र पुरण तिने एकदा तरी वाटलेलं असावं.

आणि हळदीकुंकवात "तुमच्याला कुठे मिळालं?" हा प्रश्न आता बंद करा. माझा धाकटा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला गेला आणि मग सरकारी विद्यापीठात ट्रान्सफर झाला. पदवीवर विद्यापीठाचंच नाव आहे, खर्च निम्म्याच्या आसपास. ती दोन वर्षं मी लोकांना खोटं सांगत होते, "तो जरा गॅप घेतोय." त्याने ते ऐकलं होतं. पुढचं लिहीत नाही.

मुलांना कुकर लावायला शिकवा. मुलग्यांनाही.

ताजा कलम (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी, आईने लिहायला लावलं)

एक. तुम्ही फी भरत असलात तरी मार्क कॉलेज सहसा तुम्हाला दाखवत नाही, मुलालाच दाखवतं. माझ्या बाबांनी फोन करून बघितला. मार्क मीच दाखवले, केमिस्ट्रीत सी.

दोन. अठरा पूर्ण झाल्यावर डॉक्टरही आई-बाबांशी मोकळेपणाने बोलत नाहीत. घर सोडण्याआधी मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नीच्या कागदावर मुलाची सही घ्या. माझ्या रूममेटचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा तिची आई चार तास नुसती फोन करत होती.

तीन. बऱ्याच कॉलेजांच्या बिलात स्टुडंट इन्शुरन्स आपोआप लावलेला असतो, तो हजारो डॉलरचा असतो. मूल तुमच्या विम्यावर असेल तर वेव्हर भरा. त्याची मुदत सेमिस्टर सुरू झाल्यावर लगेच संपते.

चार. पहिल्या वर्षी मील प्लॅन बहुतेक ठिकाणी सक्तीचा असतो. सगळ्यात मोठा घेऊ नका. शाकाहारी असाल तर नक्कीच नाही, मी सात आठवडे पास्ता खाल्ला.

पाच. ताईंचं ऐकून आईने इलेक्ट्रिक कुकर दिला होता. डॉर्ममध्ये चालत नाही. पहिल्याच तपासणीत गेला, आत अर्धा शिजलेला भात होता. मे महिन्यात खोली सोडताना परत मिळाला, भात काढलेला नव्हता.