दार मागे लागलं, तर...

अगं, नव्या घरात सामान लावून झालं असेल, पण एका गोष्टीबद्दल कुणी आधी बोलत नाही, म्हणून मी बोलते. तुझ्या फ्लॅटच्या दाराला नाईट लॅच आहे. कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर पाऊल टाकलंस आणि वाऱ्याने दार लागलं, की तू बाहेर. चावी आत, फोनही आत. हे कुणाचंही होतं. पण अशा वेळी खरा घात करते ती लाज. ‘कुणाला कशाला त्रास’ म्हणत पोरी एकट्याच नको ते करायला जातात. तू तसं करू नकोस.

आधी दाराचा नाही, आतला विचार कर. इस्त्री किंवा गीझर चालू राहिलाय? वॉचमनला घेऊन मीटर रूममध्ये जा. बहुतेक सोसायट्यांत तिथून आपल्या फ्लॅटची वीज बंद करता येते. गॅसवर कुकर चढवलेला असेल, किंवा लहान मूल नाहीतर म्हातारं माणूस आत अडकलं असेल, तर चावीवाल्याची वाट बघू नकोस. शेजाऱ्यांच्या फोनवरून सरळ 101 लाव, नाहीतर 112. अग्निशमन दलाचे जवान अशा वेळीही येतात, त्यात संकोच कसला? ते येईपर्यंत आतल्या लेकराशी दारातून बोलत राहा. तुझा आवाज शांत राहिला, तर तेही शांत राहील. आणि गॅसचा वास येत असेल तर बेल अजिबात दाबू नकोस, ठिणगी पडू शकते. दार हाताने वाजव, शेजाऱ्यांना सावध कर, आणि तिथून लांब जाऊन 101 आणि गॅसगळतीच्या 1906 ला फोन कर.

तसं काही नसेल, तर घाई कशाचीच नाही. शेजारच्या गॅलरीतून आपल्या गॅलरीत उतरायचं मात्र मनातही आणू नकोस. कुणी उत्साही मुलगा ‘मी जातो ताई’ म्हणाला, तरी त्याला हाताला धरून थांबव. पावसाळ्यात छज्जा शेवाळलेला असतो. लॅच नवं मिळतं गं, माणूस मिळत नाही. एटीएम कार्ड सरकवण्याच्या खटपटीतही पडू नकोस. आत उघडणाऱ्या दाराला चौकटीची पट्टी आडवी येते, कार्ड लॅचच्या जिभेपर्यंत पोचतच नाही, आणि मोडतं ते वेगळंच.

मग समोरच्या काकूंची बेल वाजव, त्यांच्याकडे बस, पाणी पी आणि चावीवाल्याला बोलाव. शक्यतो वॉचमनच्या किंवा सोसायटीच्या ओळखीचाच बोलाव. पैसे आधी ठरव, आणि ‘लॅच न तोडता उघडेल का?’ हेही आधीच विचार. जाणता कारागीर कोरी चावी लॅचमध्ये घालून हलवतो, बाहेर काढून उजेडात धरतो, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा बघतो आणि तेवढ्याच जागी कानस फिरवतो. पुन्हा घालतो, पुन्हा घासतो. असं करत चावी तयार होते आणि दार उघडतं. काही नव्या लॅचना हे जमत नाही, तिथे ड्रिल लावावंच लागतं. काम चालू असताना तू तिथेच उभी राहा, काकूंनाही सोबत घे. तयार झालेली चावी त्याच्या पेटीत राहू देऊ नकोस. आणि चावी आत राहिलेली नसून बाहेर कुठे हरवली असेल, तर दार उघडलं तरी लॅच बदलूनच घे.

आता पुढचं. जादा चावी पायपुसण्याखाली, कुंडीत किंवा चपलांच्या स्टँडमध्ये ठेवू नकोस. चोर आधी तिथेच बघतो. ती विश्वासाच्या माणसाकडे दे. चावीला घराचा पत्ता अडकवू नकोस. एक तरी फोन नंबर पाठ कर, कारण फोन आत राहिला की सगळे नंबर आतच राहतात. दूध घ्यायला किंवा कचरा ठेवायला बाहेर पडताना आधी चावी हातात घे, मगच दार ओढ.

आणि बाळा, शेजाऱ्यांशी ओळख गरज पडेपर्यंत लांबवू नकोस. आज संध्याकाळी वाटीभर शिरा घेऊन समोरच्या काकूंकडे जा. दोन-चार वेळा जाणं-येणं झालं, विश्वास बसला, की चावी त्यांच्याकडे ठेव आणि त्यांची तुझ्याकडे ठेवायची का, तेही विचार. मग दार मागे लागलं, तरी तू बाहेर अडकणार नाहीस.