खांबाच्या माथ्यावरून गेलेला चेंडू

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीला असतो. सुट्टीत नांदगावला आला होता, तेव्हा त्याने मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलचा एक जुना सामना दाखवला. शेवटच्या क्षणी एका खेळाडूने चेंडूला लाथ मारली. चेंडू पिवळ्या खांबाच्या अगदी माथ्यावरून गेला. पंचांनी दोन्ही हात वर केले आणि सामना संपला. हरलेला संघ ओरडत राहिला. मी म्हटले, रिप्ले बघा की! भाचा म्हणाला, ‘मामा, ह्याला रिव्ह्यू नसतो.’ एवढे कॅमेरे असताना असा नियम का? आपल्या क्रिकेटमध्ये तर सगळे तपासून बघतात. आणि आमच्या गावच्या स्पर्धांत रोज होणाऱ्या भांडणांवर यातून काही उपाय निघतो का?
— एक वाचक, नांदगाव (जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : तुमचा भाचा बरोबर बोलला. तुम्ही पाहिलात तो बहुधा २३ सप्टेंबर २०१२चा बाल्टिमोर रेव्हन्स आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्स यांचा सामना असावा. वेळ संपता संपता रेव्हन्सच्या जस्टिन टकरने २७ यार्डांवरून मारलेला चेंडू उजव्या खांबाच्या वरून गेला. पंचांनी तो वैध ठरवला आणि रेव्हन्स ३१–३० असे जिंकले. नेहमीचे पंच आणि लीग यांच्यात तेव्हा वाद चालू होता, त्यामुळे मैदानावर बदली पंच होते. पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक जाब विचारायला धावले आणि एका पंचाचा हात धरला म्हणून त्यांना ५०,००० डॉलर दंड झाला.

आता नियम पाहू. या किकला फील्ड गोल म्हणतात आणि त्याचे तीन गुण मिळतात. जमिनीपासून १० फुटांवर एक आडवी दांडी असते. तिच्या दोन टोकांना १८ फूट ६ इंच अंतरावर दोन उभे खांब असतात. चेंडू दांडीच्या वरून आणि खांबांच्या मधून गेला पाहिजे. खांबांपेक्षाही उंच गेला, तर खांबाच्या बाहेरच्या कडा तशाच आकाशात वर गेल्या आहेत असे धरायचे आणि पूर्ण चेंडू त्या दोन कडांच्या आत होता का, हे ठरवायचे. हे ठरवण्यासाठी दोन्ही खांबांच्या बुडाशी एकेक पंच उभा असतो आणि मान वर करून सरळ खांबाच्या रेषेत बघतो.

कॅमेरा कुठे अडतो ते इथे कळते. चेंडू माथ्याच्या खालून गेला, तर तो खांबापुढून सरकला की खांबाआड झाला, एवढे तरी चित्रात दिसते. खांब हीच खूण असते. माथ्याच्या वर ती खूण नाही. लाथ मारणाऱ्याच्या पाठीमागे, लांबवर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यात चेंडू ‘आत’ दिसतो, पण त्या क्षणी तो खांबांच्या ओळीत पोचला होता, दहा फूट अलीकडे होता की पुढे निघून गेला होता, हे त्या चित्रावरून सांगता येत नाही. वारा चेंडूला बाजूला नेत असेल, तर ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांतला फरक त्या दहा फुटांतच पडतो. कॅमेरा थोडा डावीकडे असला की एक निकाल दिसतो, उजवीकडे असला की दुसरा. म्हणून चेंडू खांबाच्या माथ्याच्या वरून गेला, तर खांबाखालच्या पंचाचा निर्णय शेवटचा. माथ्याच्या खालून गेला, तर मात्र रिप्ले बघता येतो.

ही खालची सवलतही २००८मध्ये मिळाली, तीही एका गोंधळानंतर. १८ नोव्हेंबर २००७ रोजी बाल्टिमोरमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या फिल डॉसनने ५१ यार्डांवरून लाथ मारली. चेंडू उभ्या खांबाला लागला, आत वळला, दांडी ओलांडून मागच्या वाकड्या आधारखांबावर आपटला आणि उसळून पुन्हा मैदानात आला. पंचांनी आधी गोल नाकारला. रेव्हन्सचे खेळाडू जिंकलो म्हणून आत निघून गेले. फील्ड गोलला तेव्हा रिप्ले लागूच नव्हता. पंचांनी एकत्र जमून, कोणी काय पाहिले ते एकमेकांना विचारून निर्णय फिरवला. खेळाडूंना परत बोलावले आणि जादा वेळेत ब्राउन्स ३३–३० असे जिंकले. मागचा आधारखांब दांडीच्या पलीकडे असतो, म्हणजे त्याला लागलेला चेंडू आत गेलेलाच होता. इथे बघण्यासारखी ठोस वस्तू होती, म्हणून पुढच्या वर्षी नियम बदलणे सोपे गेले.

माथ्यावरच्या चेंडूसाठी अमेरिकेने कॅमेऱ्याऐवजी खांबच वाढवले. २६ डिसेंबर १९६५ रोजी ग्रीन बे पॅकर्सच्या डॉन चँडलरने शेवटच्या दोन मिनिटांत मारलेला असाच वादग्रस्त चेंडू वैध ठरला, बाल्टिमोर कोल्ट्सशी १०–१० बरोबरी झाली आणि जादा वेळेत पॅकर्स जिंकले. लगेच १९६६मध्ये दांडीच्या वर २० फूट उंचीचे खांब आणि ठळक पिवळा रंग ठरवण्यात आला. टकरच्या किकनंतर पेट्रियट्सनेच खांब वाढवण्याचा आग्रह धरला आणि २०१४मध्ये दांडीच्या वरची उंची ३० फुटांवरून ३५ फूट झाली. म्हणजे आज खांबाचा माथा जमिनीपासून ४५ फुटांवर, आपल्याकडच्या चांगल्या वाढलेल्या माडाएवढा आहे. जिथे खूण अपुरी पडली, तिथे त्यांनी खूण लांबवली. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो.

आता क्रिकेटकडे वळू. टीव्ही रिप्ले पाहून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. दिवस १४ नोव्हेंबर १९९२, मैदान दरबानचे किंग्जमीड, सचिनचे वय १९, धावा ११. जॉन्टी ऱ्होड्सने चेंडू अडवून फेकला, अँड्र्यू हडसनने बेल्स उडवल्या. मैदानावरचे पंच सिरिल मिचली यांनी स्वतः निकाल न देता तिसरे पंच कार्ल लिबेनबर्ग यांच्याकडे विचारणा केली. धावबादसाठी कॅमेरा अगदी योग्य ठरतो, कारण क्रीज ही जमिनीवर आखलेली रेषा आहे, कॅमेरा तिच्या सरळ रेषेत बसवता येतो आणि बॅट रेषेच्या आत टेकली होती की नव्हती, एवढाच प्रश्न असतो. खूण पक्की, जागा पक्की आणि प्रश्नही एकच.

पायचीत तसे नाही. पॅडला लागलेला चेंडू पुढे कुठे गेला असता, हा अंदाज आहे, मग तो माणसाचा असो वा यंत्राचा. म्हणून डीआरएसमध्ये ‘अंपायर्स कॉल’ ठेवला आहे. चेंडू यष्टीला निसटता लागताना दिसला, तर मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम राहतो. डीआरएसची पहिली चाचणी २००८मध्ये भारत–श्रीलंका मालिकेत झाली. यंत्राच्या अंदाजावर आपल्या मंडळाचा विश्वास नव्हता, त्यामुळे पुढे बरीच वर्षे विरोध चालला आणि नोव्हेंबर २०१६मध्ये इंग्लंडविरुद्ध राजकोटला डीआरएस आपल्या मायदेशातल्या मालिकेत आले. तेव्हा क्रिकेटमध्ये ‘सगळे तपासतात’ हे अर्धेच खरे. जिथे यंत्राची खात्री संपते, तिथे क्रिकेटही पंचाकडेच परत येते.

याचा अर्थ पंचाने काहीही द्यावे आणि खेळाडूने मुकाट सोसावे असा नाही. फेब्रुवारी १९८१मध्ये मेलबर्नला सुनील गावसकर ७० धावांवर ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज लिली याच्या चेंडूवर पायचीत दिले गेले. बॅटची कड लागली होती असे त्यांचे म्हणणे होते. संतापून ते जोडीदार चेतन चौहानांनाही घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुराणी यांनी चौहानांना परत पाठवले, म्हणून सामना वाचला आणि भारताने तो ५९ धावांनी जिंकला. आज बॅटची कड हा प्रश्न यंत्राला विचारता येतो. दाद मागायला जागा असली, तर एवढ्या मोठ्या खेळाडूला मैदान सोडण्याची पाळी येत नाही. रिव्ह्यूची खरी किंमत मला इथे दिसते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. गावच्या ओव्हरआर्म स्पर्धेच्या हँडबिलावर ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ असे छापलेले असते आणि तरीही दुपारपर्यंत दहा मोबाइल पंचांच्या नाकासमोर येतात. ते मोबाइल दहा ठिकाणांहून धरलेले असतात, म्हणून दहा जणांना दहा निकाल दिसतात. त्यापेक्षा आयोजकांनी दोन मोबाइल स्टँडवर, दोन्ही क्रीजच्या सरळ रेषेत, सीमेबाहेर पक्के बसवावेत. फक्त धावबाद आणि यष्टिचीत तपासले जाईल, बाकी काही नाही, असे नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना सांगून वहीत सह्या घ्याव्यात. कबड्डीत बोनस रेषा आणि बाहेरच्या रेषा यांची फक्की प्रत्येक सामन्याआधी पुन्हा मारावी. अर्धी पुसलेली रेषा हेच निम्म्या भांडणांचे मूळ असते. रेषापंचाला गर्दीत उभे न करता रेषेच्या टोकाला मोकळी जागा द्यावी. षटकार ज्या बाजूला घरे, झाडे यांवरून जातात, तिथे उंच बांबू रोवून हद्द दाखवावी.

एवढे केल्यावरही एखादा चेंडू बांबूच्या वरून जाईलच. त्याचा निकाल बांबूखाली उभ्या असलेल्या पंचाने द्यावा आणि दोन्ही संघांनी तो मानावा. योग्य जागी उभा राहून, डोळे उघडे ठेवून दिलेला निर्णय चुकला तरी तो प्रामाणिक असतो, आणि असा पंच गावात टिकवायचा असेल, तर त्याला शिव्या न देता सामना पुढे चालू ठेवणे हे खेळाडूंचे काम आहे.