टॉर्चमधला काळा मसाला

रात्री धानाच्या बांधीत पाणी पाहायला जायचं असतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टॉर्च. बटन दाबावं, तर उजेड पिवळा आणि मरगळलेला. बांधावर साप पडला असला तर दिसावा कसा? मग आपण घरी येऊन सेल काढतो आणि ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी तोच सेल थोडा वेळ बरा चालतो. असं का होतं? हे नीट कळायला शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षं खपावं लागलं.

आपल्या मौद्याला मोठं वीजकेंद्र आहे. तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर चक्र फिरतं आणि वीज तारेतून दूर जाते. सेलमध्ये मात्र काही जळत नाही आणि काही फिरतही नाही. मग तिथे वीज होते कशी?

आम्ही एक साधा जुना सेल उघडलेला पाहिला. (तुम्ही घरी उघडू नका. आतला ओलावा कातडीला झोंबतो.) बाहेरचा पत्रा काढला की जस्ताचं लहानसं भांडं दिसतं. मधोमध कोळशाची काळी कांडी. तिच्याभोवती काळा मसाला ठासून भरलेला. तो मसाला म्हणजे मॅंगनीजची भुकटी, त्यात थोडी कोळशाची पूड. शिवाय नवसागराचा ओलावा. होय, कल्हईवाला वापरतो तोच नवसागर! काही सेलांत त्याच्या जागी दुसरा क्षार असतो.

जस्त हे विजेचं एक टोक, आणि कांडीसकट काळा मसाला हे दुसरं. या टोकांना इलेक्ट्रोड म्हणतात. बटन दाबलं की जस्त हळूहळू विरघळू लागतं. विरघळताना ते विजेचे अतिशय बारीक कण मागे सोडतं. हे कण दिव्यातून फिरून कांडीकडे जातात, आणि मसाला त्यांना आपल्यात घेतो. सारं काम चालतं ते इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर, म्हणजे वरच्या कातडीवर.

आणि अडचणही तिथेच येते. इटलीच्या व्होल्टाने 1800 साली तांबं, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड यांची चळत रचून वीज काढली. पण ती थोड्याच वेळात मंदावे. तांब्यावर वायूचे बुडबुडे चिकटत आणि त्याचं अंग झाकून टाकत. नालीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकावा तसंच ते.

फ्रान्समध्ये जॉर्ज लक्लांशे नावाचा माणूस होता. जन्म 1839 चा. शिकून तो रेल्वेत इंजिनियर झाला. पुढे देशातल्या राजकारणापायी त्याला बेल्जियममध्ये जाऊन राहावं लागलं. तिथे त्याने लहानशी प्रयोगशाळा मांडली. त्या काळी तारायंत्राला चांगल्या सेलांची फार गरज होती. लक्लांशेने मातीच्या सच्छिद्र भांड्यात मॅंगनीजची भुकटी आणि कोळशाची कांडी घातली. ते भांडं नवसागराच्या पाण्यात ठेवलं आणि बाजूला जस्ताची कांडी सोडली. साल 1866. हा सेल महिनेच्या महिने टिके. मधूनमधून पाणी घातलं की झालं. बेल्जियमच्या तारखात्याने तो घेतला. लक्लांशे 1882 साली वारला, अवघ्या 42 व्या वर्षी. पुढे 1886 साली जर्मनीच्या गासनरने पाण्याऐवजी घट्ट लगदा भरला आणि जस्ताचंच भांडं केलं. म्हणून आज आपण सेल आडवा-उभा कसाही धरतो.

मॅंगनीज वायूला खाऊन टाकतं, अशी त्या वेळची समजूत होती. नंतरच्या शास्त्रज्ञांनी आणखी खोल पाहिलं. मॅंगनीजचा कण आधी वरून बदलतो, मग तो बदल हळूहळू आत मुरतो. तांदूळ भिजत घातला की आधी वरून ओला होतो, गाभा कोरडाच राहतो, तसं. टॉर्च सारखी पेटती ठेवली की कणाची कातडी थकते. विसावा दिला की बदल आत मुरतो आणि कातडी पुन्हा कामाला येते. आपला सेल दुसऱ्या दिवशी बरा चालतो तो यामुळे.

उन्हाचं म्हणाल, तर ऊब मिळून आतलं काम जरा जलद होतं, एवढंच. गेलेलं जस्त काही परत येत नाही. उलट सेल गळायची भीती. चुलीजवळ तर नेऊच नका, तो फुटतो. जस्त संपत आलं की भांड्याला भोकं पडतात, ओल बाहेर येते आणि टॉर्चची स्प्रिंग गंजते. म्हणून संपलेला सेल लगेच काढावा. नव्या सेलाबरोबर जुना जोडू नये. जुना आधी मरतो आणि गळतो.

हा काळा मसाला येतो कुठून? फार लांब जायला नको. रामटेक तालुक्यात मनसरला मॅंगनीजची खाण आहे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आहे. तिथलं मॅंगनीज सेलाच्या कामाचं आहे. सरकारी 'मॉईल' कंपनी या खाणी चालवते. तिची मुख्य कचेरी नागपुरात आहे. डोंगरी बुजुर्गला या कंपनीचा आणखी एक कारखाना आहे. अशा कारखान्यात मॅंगनीज आम्लात विरघळवतात. त्या गरम पाण्यात इलेक्ट्रोड सोडून वीज खेळवतात. मग एका इलेक्ट्रोडवर शुद्ध मॅंगनीजचा काळा थर चढत जातो. भांड्याच्या बुडाला खरवड धरते ना, तसा! तो थर काढायचा, धुवायचा, दळायचा. आणि मग तो नव्या सेलात भरायचा.