उन्हाळ्यात विमानाचे नाक किती वर करावे?

चढावर मोटारीचे इंजिन बंद पडले, तर 'गाडी स्टॉल झाली' असे म्हणतात. विमानाच्या बाबतीतही 'स्टॉल' हा शब्द आहे. पण तेथे इंजिन चालूच असते, बिघडते ते पंखांचे काम. हे कसे, ते पाहू या.

विमानाचा पंख समोरून येणाऱ्या हवेशी लहानसा कोन करतो. त्याला आपण आघातकोन म्हणू. पंख हवेला खाली वळवतो व हवा पंखाला वर उचलते. हे उत्थापक बल. आघातकोन वाढवला की हे बल वाढते, पण मर्यादेपर्यंतच. लहान विमानांत ती साधारणतः 15 ते 16 अंश असते. त्यापुढे पंखाच्या वरच्या बाजूस लगटून वाहणारी हवा सुटते, भोवरे उठतात, उत्थापक बल घटते आणि हवेचा रोध वाढतो. हाच स्टॉल.

आता यवतमाळच्या धावपट्टीवरील मे महिन्याची दुपार घ्या. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 450 मीटर आणि तापमान, समजा, 43 अंश सेल्सिअस. उंचीमुळे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 0.95 पट होतो, शिवाय उष्णतेने हवा प्रसरण पावते. समुद्रसपाटीवरील 15 अंशांच्या हवेपेक्षा येथील घनता सुमारे 14 टक्क्यांनी कमी भरते. उत्थापक बल हे घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून तेथे ताशी 90 किलोमीटर वेगाला उचलणारे विमान येथे सुमारे 97 ला उचलेल. साध्या पिस्टन इंजिनाची शक्तीही विरळ हवेत घटते. परिणामी धाव लांबते, चढण मंदावते. समोर झाडे दिसू लागली की नाक आणखी वर ओढण्याचा मोह होतो. येथेच घात होतो: आघातकोन मर्यादा ओलांडतो.

यावरचा उपाय मनाला उलटा वाटेल. नाक खाली करायचे! आघातकोन कमी होताच हवा पुन्हा पंखाला लगटते. पण त्यासाठी खाली उंची शिल्लक हवी. 9 ऑगस्ट 1896 रोजी जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल यांचे ग्लायडर असेच स्टॉल झाले. सुमारे 15 मीटर उंचीवरून ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. उड्डाणाच्या आरंभी विमानाजवळही उंची अशीच तुटपुंजी असते.

म्हणून जाणता वैमानिक उड्डाणापूर्वीच तापमान, उंची व वजन यांचा हिशेब मांडतो. गरज पडल्यास वजन कमी करतो किंवा पहाटेची वाट पाहतो.

पहाटे 25 अंश तापमान असेल, तर वरील 97 च्या जागी किती वेग लागेल? घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे लक्षात ठेवून गणित करा. उत्तर सुमारे 94 यायला हवे.