क्लिकमागे पैसे, म्हणजे काय रे भाऊ?

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी होतं, पण थर्ड लँग्वेज म्हणून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांना पकडा. ही कबुली उगाच देत नाहीये, या कॉन्व्हेंटी मराठीपायी माझ्या मामाचे पैसे गेलेत.

तर झालं असं. सांगलीजवळ मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे पंप, बोअरच्या सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, सगळं येतं. गेल्या मार्चमध्ये त्याने विचारलं, "तू इंजिनिअरिंगला आहेस, गूगलवर आपलं दुकान वर आणता येईल का गं?" त्यात काय, असं म्हणून मी होस्टेलच्या रूमवर बसून एका तासात जाहिरात चालू केली. रोजचं बजेट तीनशे रुपये. दहा दिवसांत तीन हजार संपले आणि फोन आले चार. त्यातले दोन "मॅडम, अप्रेंटिस घेता का?" असे. मामा काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग मी ते सगळं नीट शिकायला बसले. ते इथे लिहिते, कारण आपल्यापैकी अर्ध्या जणांच्या घरी कुणाचं तरी दुकान असतंच.

सर्चच्या निकालात वर 'प्रायोजित' म्हणून येतात त्या जाहिराती. दिसल्याचे पैसे नसतात, कुणी क्लिक केलं तरच पैसे कापले जातात. ही कल्पना गूगलची नाही बरं का! १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शब्दांचा लिलाव सुरू केला. जो जास्त बोली लावेल तो वर, इतकं साधं. गूगलची अॅडवर्ड्स २००० मध्ये आली (२०१८ पासून तिचं नाव गूगल अॅड्स), आणि २००२ मध्ये त्यांनी लिलावात एक गुणाकार घातला. बोली गुणिले क्लिक होण्याचं प्रमाण.

हे उदाहरणाने बघू. अ ने २० रुपये बोली लावली, पण त्याची जाहिरात शंभर जणांना दिसली तर दोघेच क्लिक करतात. ब ची बोली १२ रुपये, पण शंभरात पाच जण क्लिक करतात. अ चा गुणाकार ०.४०, ब चा ०.६०. म्हणजे कमी बोलीचा ब वर! आणि ब ला द्यावे लागतात अ च्या जेमतेम पुढे राहण्यापुरते, म्हणजे ०.४० भागिले ०.०५, साधारण ८ रुपये. आजचं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे, पण गाभा हाच. शब्द आणि जाहिरात ग्राहकाला जितकी लागू पडेल तितका क्लिक स्वस्त. प्रत्येक कीवर्डसमोर १ ते १० असा क्वालिटी स्कोअर दिसतो. त्यात क्लिकची अपेक्षा, जाहिरातीचा शब्दाशी मेळ आणि क्लिकनंतर उघडणारं पान, या तीन गोष्टी बघतात. तो आकडा स्वतः लिलावात जात नाही. थर्मामीटर समजा, ताप कुठे आहे ते सांगतो.

आता माझी खरी चूक. मी कीवर्ड टाकला 'मोटर रिवाइंडिंग', इंग्रजीत, आणि मॅच टाइप ठेवला ब्रॉड, कारण तोच आपोआप येतो आणि मी बदलला नाही. कीवर्ड म्हणजे आपण विकत घेतलेला शब्द आणि सर्च टर्म म्हणजे माणसाने खरोखर टाइप केलेला शब्द. हे दोन एकच असतात असं मला वाटत होतं. नसतात! ब्रॉडमध्ये गूगल 'संबंधित' वाटेल ते सगळं पकडतं. दहा दिवसांनी सर्च टर्म्सचा रिपोर्ट उघडला तर त्यात काय? 'मोटर वाइंडिंग फॉर्म्युला', 'रिवाइंडिंग कोर्स फी', 'कॉपर वायरचा आजचा भाव', आणि कहर म्हणजे 'इंडक्शन मोटर वायवा क्वेश्चन्स'. हे कोण शोधतं? आपणच! सबमिशनच्या आदल्या रात्री कुठल्यातरी होस्टेलवरून कुणीतरी क्लिक केलं आणि मामाचे पैसे गेले.

यावर औषध म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड. 'कोर्स', 'फॉर्म्युला', 'जॉब', 'पीडीएफ' हे शब्द आले तर जाहिरात दाखवू नकोस, असं सांगून ठेवायचं. यात एक खोच आहे. साधा कीवर्ड समानार्थी शब्द ओढून आणतो, निगेटिव्ह मात्र तसं करत नाही. 'जॉब' अडवला तरी 'जॉब्स' आणि 'नोकरी' सुटतात. सगळी रूपं वेगवेगळी लिहावी लागतात, इंग्रजीत आणि मराठीतही. आणि ही यादी एकदा करून संपत नाही. मी दर रविवारी मेसच्या फीस्टनंतर रिपोर्ट उघडते. पहिल्या रविवारी २३ शब्द अडवले, पुढच्या वेळी नऊ, आता एखाद-दुसरा. २०२० पासून अगदी मोजक्या लोकांनी शोधलेले शब्द गूगल या रिपोर्टमध्ये दाखवत नाही, म्हणून ब्रॉडपेक्षा फ्रेज किंवा एक्झॅक्ट मॅच मला बरा वाटतो. अर्थात एक्झॅक्टसुद्धा नावालाच, त्याच अर्थाचे दुसरे शब्द त्यातही चालतात.

नको ते शब्द गेले, तरी फोन वाढेनात. सुट्टीत घरी गेले तेव्हा मामाला यादी वाचून दाखवली. तो हसायलाच लागला. "अगं, आमच्याकडं रिवाइंडिंग कोण म्हणतंय? मोटर जळली म्हणतात. मोटर भरायची आहे म्हणतात." मी दोन दिवस दुकानात बसून नुसतं ऐकलं. येणारा प्रत्येक माणूस 'जळली', 'भरून द्या', 'बोअरची मोटर अडकली' असंच बोलत होता. हे शब्द देवनागरीत टाकले, आणि तेच इंग्रजी अक्षरांतही टाकले, कारण मोबाईलवर बरेच जण तसं लिहितात. जाहिरातीतही तीच भाषा केली आणि क्लिक केल्यावर पानावर सगळ्यात वर फोन नंबर ठेवला. त्या आठवड्यात अकरा फोन आले, बजेट तेच.

आता एक गणिताची गोष्ट, एम-थ्रीवाल्यांनी लक्ष द्या. सुरुवातीला मी 'सबमर्सिबल मोटर दुरुस्ती' हा शब्द पंधरा क्लिकनंतर बंद केला, कारण एकही फोन नव्हता. चूक! समजा चांगल्या शब्दालाही वीस क्लिकमागे एकच फोन येतो. मग पंधरा क्लिक कोरे जाण्याची शक्यता ०.९५ चा पंधरावा घात, म्हणजे ४६ टक्के. जवळजवळ नाणेफेकच! साठ क्लिक कोरे गेले तर ती शक्यता पाच टक्क्यांच्या आत येते, तेव्हा शब्दावर संशय घ्या. पण 'कोर्स फी' असा उघड चुकीचा शब्द असेल तर साठ क्लिकची वाट बघू नका, तिथे डोकं वापरा.

उलटी चूकही होते. मामाच्या दुकानाच्या नावाचा कीवर्ड सगळ्यात भारी चालत होता. मी खूष. मग ईबेबद्दल वाचलं. २०१२ मध्ये अमेरिकेत ईबेने याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून बघितल्या, आणि त्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लोक जाहिरातीखालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच! जो नाव टाइप करतोय तो तसाही येणारच होता. मीही मामाच्या नावाचा कीवर्ड दोन आठवडे बंद ठेवला. नाव विचारत येणारे फोन तेवढेच राहिले. ते पैसे 'मोटर जळली'वर वळवले. मात्र तुमच्या दुकानाच्या नावावर शेजारचा प्रतिस्पर्धी जाहिरात करत असेल तर हे बंद करण्याआधी विचार करा.

जूनमध्ये फोन पुन्हा कमी झाले. मी घाबरून सगळे शब्द बदलायला निघाले होते, मामानेच थांबवलं. पाऊस लागला की विहिरीवरच्या मोटरी बंद, मग जळणार काय? उन्हाळ्यात तास न् तास पंप चालतात, व्होल्टेज पडतं, तेव्हा मोटरी जळतात. म्हणजे जूनची तुलना एप्रिलशी नाही, मागच्या जूनशी करायची, आणि मागच्या जूनचे आकडे आमच्याकडे नाहीतच. तूर्त पिठाच्या गिरणीचे शब्द चालू आहेत, त्या पावसातही चालतात. शेतीपंपाचे थांबवून ठेवलेत. ते दिवाळीनंतर चालू करायचे आणि तोपर्यंत मी आणखी शब्द गोळा करायचे, असं मामाने सांगितलंय. तुमच्या गावाकडे मोटर जळली की काय म्हणतात, ते मला मेसमध्ये येऊन सांगा.